उपनगरांतला हॉकीचा प्रेक्षक

खेळाचा इतिहास आपण बहुधा खेळाडूंच्या बाजूने लिहितो. कोणत्या साली कोणी सुवर्णपदक मिळवले, कर्णधार कोण होता, निर्णायक गोल कोणाच्या काठीतून झाला, हे सारे नीट नोंदलेले सापडते. पण मैदानापासून शेकडो, कधी हजारो मैल दूर बसून तोच सामना जिवाचा कान करून ऐकणाऱ्या माणसांचा इतिहास कोणी लिहीत नाही. ती माणसे कुठे बसत? समोर चहा असे की आणखी काही? त्यांना खेळ कोणी शिकवला? आज मला या प्रश्नांचा हॉकीपुरता, आणि त्यातही मुंबईच्या उपनगरांपुरता विचार करायचा आहे. एकीकडे अंधेरी-बोरिवली, दुसरीकडे घाटकोपर-मुलुंड, असा हा मुलूख. विषय तसा किरकोळ वाटेल. पण एखादा खेळ समाजात जगतो कसा आणि आटतो कसा, हे कळायला हीच वाट सोयीची आहे, असे मला वाटते.

मुंबई आणि हॉकी यांचे नाते जुने. आगाखान चषकाची स्पर्धा या शहरात १८९६ पासूनची. तरीही १९२८ च्या मार्च महिन्यात हिंदुस्थानचा पहिला ऑलिंपिक हॉकी संघ मुंबईहून बोटीने निघाला, तेव्हा धक्क्यावर निरोप द्यायला मोजून तीन माणसे होती, असे ध्यानचंदांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. निघण्यापूर्वी हा संघ मुंबईच्या संघाशी खेळला आणि चक्क हरला. मग कोण कशाला येणार निरोपाला? पुढे २६ मे १९२८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमला याच संघाने हॉलंडचा ३-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळवले, आणि परतीच्या वेळी त्याच मुंबई बंदरात स्वागताला गर्दी लोटली. मधल्या काळात काय बदलले होते? खेळ तोच होता, खेळाडू तेच होते. बदलली होती ती बातमी. या गर्दीतल्या बहुतेकांनी अ‍ॅमस्टरडॅमचा एकही सामना पाहिलेला नव्हता, पाहणे शक्यही नव्हते. हॉकीचा मुंबईतला प्रेक्षक हा असा, न पाहता, ऐकून तयार झालेला प्रेक्षक आहे. पुढची पन्नास वर्षे तो तसाच राहिला.

१९४८ साली लंडनला १२ ऑगस्टच्या दिवशी, म्हणजे स्वातंत्र्याला वर्ष पुरे व्हायला तीन दिवस उरले असताना, भारताने ग्रेट ब्रिटनला ४-० असे हरवले. या संघाचे कर्णधार किशनलाल हे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडून, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसूरीकडून खेळणारे. लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस ही संघातली आणखी मुंबईकर नावे. या नावांवरून एक गोष्ट सहज ध्यानात येते. मुंबईतली हॉकी वाढली ती गोव्याहून आलेल्या कुटुंबांत, ईस्ट इंडियन आणि अँग्लो-इंडियन वस्त्यांत, माटुंग्याच्या खालसा कॉलेजसारख्या संस्थांत, आणि रेल्वेच्या नोकरीत. बांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेने तर देशाला किती ऑलिंपिक खेळाडू दिले! अंधेरीच्या आंबोलीपासून मालाडच्या ओर्लेमपर्यंत आणि पुढे बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीपर्यंत, चर्चच्या आसऱ्याने वसलेल्या वस्त्यांत हॉकीची काठी ही दाराआड ठेवलेल्या छत्रीइतकी घरगुती वस्तू होती. फाळणीनंतर मुलुंड कॉलनीत निर्वासितांची वस्ती झाली. पंजाब-सिंधकडच्या या माणसांनाही हॉकी परकी नव्हती.

मराठी माणसाचे तसे नव्हते. त्याच्या घरात क्रिकेट होते, अंगणात हुतुतू आणि खो-खो होता. हॉकी त्याने घेतली ती शेजाऱ्याकडून. लोकलच्या डब्यात, कचेरीत, कारखान्याच्या फाटकाशी. पण शेजाऱ्याकडून विरजण आणावे तसा खेळ काही वाटीतून आणता येत नाही. त्यासाठी चार माणसांनी एकत्र बसण्याची जागा लागते. ती जागा कोणती?

विलायतेत या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. तिथे गल्लीच्या तोंडाशी पब असतो, आणि फुटबॉलचा शौकीन तिथे बिअरचा पेला घेऊन बसतो. आपल्याकडे ती सोय नव्हती. १९३९ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी जारी केली. ती फार टिकली नाही. पण स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सबंध मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. पिणारे प्यायचे थांबले, असे कोणीच म्हणणार नाही. उपनगरांतल्या आडगल्ल्यांत 'आंटी'चे अड्डे चालत, हे त्या काळच्या मुंबईचे उघड गुपित होते. परंतु थोडा विचार करा. जिथे चोरून प्यायचे, तिथे मोठ्याने बोलायची सोय नाही, मग ओरडायची कुठली? रेडिओ मोठा करावा आणि गोल झाल्यावर टेबल बडवावे, तर पोलीस दारात! म्हणजे चोरून पिण्याची जागा ही खेळाचा आनंद लुटण्याची जागा होऊच शकत नव्हती. तेव्हा खेळाची बैठक जमली ती अगदी निर्व्यसनी ठिकाणी, इराण्याच्या हॉटेलात.

इराण्याचे हॉटेल बहुधा कोपऱ्यावर, पुष्कळदा स्टेशनाच्या जवळ. संगमरवरी तक्त्याची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर शेठ, आणि त्याच्या डोक्यावरच्या फळीवर रेडिओ. त्या काळी रेडिओला लायसन लागे, ते टपाल कचेरीतून काढावे लागे, आणि यंत्राची किंमतही कारकुनाच्या आवाक्याबाहेरची. मग ज्याच्या घरी रेडिओ नाही, त्याने काय करावे? एक 'पानी कम' मागवावा, हवा तर ब्रून-मस्का घ्यावा, आणि बसावे. जात, धर्म, भाषा न विचारता एका टेबलाशी चार अनोळखी माणसे बसू शकतील अशी जागा तेव्हाच्या मुंबईत इराण्याइतकी दुसरी नव्हती. घाटकोपरचा गिरणीतला मराठी जॉबर आणि त्याच्या समोर बसलेला रेल्वेतला गोवेकर फिटर, यांची ओळख देवळातही होणार नव्हती आणि चर्चमध्येही होणार नव्हती. ती व्हायची ती इथेच.

यात एक हिशेबाचीही गोष्ट आहे, बरं का. क्रिकेटचा कसोटी सामना पाच दिवस चाले. एका कपावर कोणी पाच दिवस बसू लागला तर शेठचे दिवाळे निघायचे. हॉकीचा सामना त्या काळी पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन डावांचा. मध्यंतर धरून सव्वा-दीड तासात निकाल. पूर्वार्धात एक चहा, उत्तरार्धात दुसरा. गिऱ्हाईकही खूश, शेठही खूश!

आणि ऐकण्याची रीतही दोन्ही खेळांची निराळी. क्रिकेटच्या धावत्या वर्णनात दोन चेंडूंमध्ये, दोन षटकांमध्ये भरपूर मोकळा वेळ असतो. त्या वेळात ऐकणारा आपले मत देतो, वाद घालतो, विडी पेटवतो. हॉकीत ती फुरसत नाही. चेंडू सेंटर-हाफकडून लेफ्ट-आऊटकडे, तिथून डीच्या आत, की लगेच उलट दिशेला. बोलणाऱ्याची जीभ चेंडूच्या मागे धावत असते. तेव्हा ऐकणाऱ्यांना गप्प बसावे लागते. सारे हॉटेल श्वास रोखून असते, आणि गोल झाला की एकदम बांध फुटतो. मध्यंतरात मग ज्याला खेळ कळतो तो इतरांना समजावून देतो: पेनल्टी कॉर्नर का दिला, गोली पुढे का धावला, राइट-इन मागे का आला. ही मध्यंतराची दहा मिनिटे म्हणजेच मराठी माणसाची हॉकीची शाळा. काडेपेटी, बशी आणि साखरेचे भांडे टेबलावर मांडून शिकवलेली.

या शाळेने सुखाचे दिवस पाहिले, दुःखाचेही पाहिले. १९५६ ला मेलबर्न येथे पाकिस्तानविरुद्ध १-० असा विजय. १९६० ला रोम येथे त्याच पाकिस्तानकडून ०-१ असा पराभव, म्हणजे १९२८ पासून चालत आलेली सुवर्णपदकांची मालिका खंडित. १९६४ ला टोकियोत मोहिंदर लाल यांच्या गोलवर पुन्हा १-०, आणि सुवर्णपदक परत घरी. एका गोलाचे अंतर, तीन वेळा! ज्याने हे दिवस अनुभवले त्याला हॉकी हा नुसता खेळ कसा वाटेल?

या ऐकीव हॉकीचा कळसाध्याय १५ मार्च १९७५ चा. क्वालालंपूर येथे विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. उपान्त्य सामन्यात मलेशियाशी हरता हरता अस्लम शेरखानने बरोबरी साधून दिली होती आणि जादा वेळेत हरचरणसिंगने सामना जिंकून दिला होता. अंतिम सामन्यात पाकिस्तानने आधी गोल केला. उत्तरार्धात सुरजितसिंगने बरोबरी केली, आणि ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांच्या गोलने २-१ झाले. मुंबईत दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरपासून सुरू झालेले होते. पण त्या दिवसाची म्हणून लोकांना जी आठवण आहे ती चित्राची नाही, आवाजाची आहे. आकाशवाणीवरून जसदेवसिंग यांनी हिंदीतून केलेले वर्णन ही ती आठवण. तोवर ट्रान्झिस्टर आले होते. फळीवरचा रेडिओ खाली उतरून माणसाच्या खांद्याशी आला होता, आणि बैठक हॉटेलातून चाळीच्या जिन्यावर, पानाच्या गादीपाशी, फलाटाच्या बाकावर पसरली होती.

मग चित्र आले, आणि इथे आपल्या कथेला वळण मिळाले. १९८२ च्या प्रारंभी विश्वचषक प्रत्यक्ष मुंबईतच झाला. तो पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला हरवून जिंकला. भारत पाचवा आला. त्याच साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि त्यांच्याबरोबर देशात रंगीत दूरदर्शन आले. ज्याच्या घरी नवा संच, त्याच्या घरी सारी चाळ. दारातल्या चपलांवरून आत किती माणसे आहेत याचा अंदाज करावा! १ डिसेंबर १९८२ रोजी हॉकीचा अंतिम सामना झाला, आणि पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले. उपनगरांतल्या हजारो घरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेला बहुधा हा पहिलाच मोठा हॉकी सामना. दैवाचा खेळ पाहा: पन्नास वर्षे जो खेळ न पाहता जिंकला, तो पाहायला मिळाला त्याच दिवशी असा हरला.

यानंतर सात महिन्यांच्या आत, २५ जून १९८३ रोजी, लॉर्ड्सवर कपिलदेवच्या संघाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आणि तो त्याच पडद्यावर, त्याच घरांत, त्याच माणसांनी पाहिला. हॉकी मागे का पडली याची कारणे अभ्यासक पुष्कळ देतात. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकपासून आलेली कृत्रिम हिरवळ, ती घालायला लागणारा पैसा, संघटनेतले वाद, क्रिकेटमागे गेलेले जाहिरातदार. ही सगळी कारणे खरी आहेत. पण उपनगरातल्या प्रेक्षकापुरते पाहिले तर १ डिसेंबर आणि २५ जून या दोन तारखांमध्ये पुष्कळ काही येऊन गेले, असे मी म्हणेन. रेडिओने हॉकीची कीर्ती ऐकवली, दूरदर्शनने तिची पडझड दाखवली.

एक गोष्ट मात्र या हिशेबात कोणी धरत नाही. त्याच दिल्लीत महिलांच्या हॉकीत भारताने सुवर्णपदक मिळवले. कर्णधार होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन. इराण्याच्या टेबलाशी बाईमाणूस सहसा नसे. असलीच तर पलीकडच्या 'फॅमिली रूम'मध्ये. चाळीतल्या दूरदर्शनपुढे मात्र ती पहिल्या रांगेत होती. पुरुषांच्या पराभवाबद्दल आम्ही चाळीस वर्षे बोलत राहिलो आणि बायकांच्या सुवर्णपदकाबद्दल चार दिवससुद्धा धड बोललो नाही. दोष दूरदर्शनचा नव्हे. काय आठवायचे ते बैठक ठरवते, आणि ती बैठक पुरुषांची होती.

दरम्यान दारूबंदी सैल झाली होती. १९६३ नंतर वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंधने उतरत गेली आणि 'परमिट रूम' नावाची मुंबईची खास संस्था उभी राहिली. पिणाऱ्याकडे परवाना हवा, म्हणून ती परमिट रूम. पुष्कळ इराणी हॉटेले एकामागून एक बंद झाली. त्यांच्या जागी आणि आसपास दक्षिण कानडाकडून आलेल्या शेट्टी मंडळींनी आधी इडली-डोशाची हॉटेले आणि मग बार अँड रेस्टॉरंट काढले. नव्वदीनंतर केबल आली, आणि बारमध्ये कोपऱ्यात उंचावर दूरदर्शन संच बसला. विलायतेतल्या पबची सोय अशी चाळीस वर्षांनी अंधेरी-मुलुंडला पोचली खरी. पण तोवर पडद्यावर क्रिकेट बसले होते. १९९८ ला बँकॉकला खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळवले. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, हाच देश इतिहासात प्रथमच ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. दोन्ही वेळी बारमधल्या संचावर हॉकी लावा म्हणणारा आवाज क्षीणच होता.

परवाची एक हकिकत सांगतो. ४ ऑगस्ट २०२४, रविवार. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचा ग्रेट ब्रिटनशी उपान्त्यपूर्व सामना, आपल्या घड्याळाने दुपारी दीडला. आम्ही तिघे सहकारी अंधेरी स्टेशनाजवळच्या एका परमिट रूममध्ये बसलो होतो. (मी लिंबू-सोड्यावर होतो. हे भाषण विद्यार्थीही ऐकतील म्हणून सांगून ठेवतो!) चार संच होते. "अण्णा, हॉकी लावा ना," म्हटल्यावर मालकाने चारही लावून दिले. कारण त्या वेळी दुसरे काही नव्हते. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि भारताचे दहाच गडी उरले. हरमनप्रीतने गोल केला, ब्रिटनने बरोबरी केली. एवढ्यात अडीच वाजले. कोलंबोला भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना सुरू झाला, आणि चारपैकी तीन पडद्यांवर हॉकी जाऊन क्रिकेट आले.

उरलेल्या एका पडद्याखाली एक वयस्क गृहस्थ बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, आंबोलीचे राहणारे. आम्ही खुर्च्या त्यांच्याकडे वळवल्या. "अंकल, दहा जणांत हे कसं जमवतायत?" असे मी विचारले. त्यांनी चण्याची बशी पुढे ओढली आणि दहा चणे मांडून बचाव कसा आखडून घेतलाय, मधली वाट कशी बंद केलीय, ते दाखवले. शेजारच्या टेबलावरची तरुण मुले कान देऊ लागली. सामना १-१ सुटला आणि शूटआऊट आले. तेवीस मीटरच्या रेषेवरून निघायचे आणि आठ सेकंदांत गोल करायचा, हा नियमही अंकलनीच सांगितला. "आता आपला गोली बघा," एवढेच म्हणून ते गप्प झाले, आणि सारी खोली गप्प झाली. कोणी न सांगता मालकाने दुसरा संच हॉकीवर घेतला. श्रीजेशने आपली कामगिरी केली, भारत ४-२ जिंकला, आणि जो गलका झाला तो मी काय सांगू! त्या मुलांपैकी एकाने मग विचारले, "अंकल, पुढची मॅच कधी?"

मला या प्रसंगात महत्त्वाचे वाटले ते विजयापेक्षा ते दहा चणे. २०२१ मध्ये टोकियोला ५ ऑगस्टच्या सकाळी जर्मनीला ५-४ हरवून भारताने ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवले. तो सामना आपण बहुतेकांनी महामारीच्या दिवसांत घरी बसून, हातातल्या मोबाईलवर पाहिला. आनंद झालाच; पण शेजारी समजावून देणारे कोणी नव्हते, आणि आपणही कोणाला काही समजावले नाही. आठ दिवसांनी त्या पदकाचा रंग तेवढा लक्षात राहिला. चित्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. आवाज आहे, आकडे आहेत, गोल दहादा मागे फिरवून पाहता येतो. नाही ती चार माणसांची बैठक, जिच्यात जाणता आणि अजाण शेजारी बसतात. इराण्याच्या काडेपेटीने आणि परमिट रूममधल्या चण्यांनी जे काम केले, ते मोबाईलला अजून साधलेले नाही.

हॉकीच्या संघटनांनी आपल्या परीने उपाय केले आहेत. २०१४ पासून मोठ्या सामन्यांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग झाले. जाहिरातींना जागा मिळाली, तशी मध्ये बोलायलाही जागा मिळाली. व्यावसायिक लीग आल्या. २०१३ मध्ये मुंबईच्या नावाचा संघही आला आणि दोन हंगामांत गेला. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून चालत जावे एवढ्या अंतरावर महिंद्र हॉकी स्टेडियम उभे आहे. बोरिवलीहून जलद गाडी पकडणाऱ्याला वाटेत गाडी बदलण्याचेही कारण नाही. सोयी आहेत. पण सोयीने प्रेक्षक घडत नाही. तो संगतीने घडतो.

तेव्हा सांगायचे ते थोडक्यात एवढेच. १९२८ साली धक्क्यावर तीन माणसे होती. पुढे ज्या पिढ्यांनी हॉकी आपली मानली त्यांना ती बातमीने, रेडिओने, आणि त्याहून जास्त शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने दिली. ते शेजारी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत; आंबोलीत आहेत, आय. सी. कॉलनीत आहेत, मुलुंड कॉलनीत आहेत. पुढचा मोठा सामना असेल त्या दिवशी, चहाचे दुकान असो की परमिट रूम, मालकाला एक संच हॉकीसाठी मागून घ्या. आणि त्यांच्यापैकी एखाद्याला सोबत न्या. समोर चहा आहे की आणखी काही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. बशीत दहा-अकरा चणे तेवढे असू द्या.